पाखरांचा पसा

त्या वर्षी आमच्या घरात पहिल्यांदा विकतचं बी आलं.

तोवर बी घरचंच असायचं. ज्वारी काढायच्या आधी आई ताटावरचीच कणसं निवडायची, जुड्या बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगायची आणि मृग लागला की खाली काढून बडवायची. धुरानं कणीस काळं पडलेलं असे, आतला दाणा मात्र टणक. आई या फाल्गुनात गेली. आढ्याचे ते खिळे अजून काळे आहेत. विकतचं बी आलं त्या साली छपराचे पत्रे बदलायचे होते म्हणून जुड्या गोठ्यात हलवल्या. घुशींनी निम्म्या ओढून नेल्या आणि उरल्या त्यांना भुंगा लागला. आईनं दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली, तर नुसतं पीठ उडालं.

"आता?" दादा म्हणाले. दादा म्हणजे माझे वडील, हरिबा.

"आता काय. पाटोद्याला जावं लागंल. आप्पाच्या दुकानी."

आमचं खडकदरा पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातलं, उतरणीवरचं गाव. वरच्या अंगाला वनखात्याचं रान. बोरी, बाभळी, पळस, करवंदीच्या जाळ्या. मोर तिथं आधीपासूनच होते आणि आम्हांला त्यांचं काही कौतुक नव्हतं. भुईमूग उकरतात, मिरचीची रोपं तुडवतात, म्हणून आम्ही पोरं त्यांना हाळ्या मारून हाकलायचो. मग रस्त्याच्या तोंडाला अभयारण्याची हिरवी पाटी लागली आणि पावसाळ्यात जीपा येऊ लागल्या. सौताड्याचा धबधबा बघायला आलेली नगर-पुण्याची माणसं जाता जाता मोर बघायला इकडं वळत. पाटीखाली बंकटनं चहा-भज्यांचं पाल टाकलं. बंकट आमच्या भावकीतला. तो तोंडाशी हात धरून मोरासारखा ओरडायचा. रानातून खरा मोर उत्तर द्यायचा आणि जीपमधली माणसं टाळ्या पिटायची. "आवाज फुकट हाय," बंकट म्हणायचा, "भजी तेवढी इकत हायेत."

दादा वनखात्याकडं रोजंदारीवर राखणदार होते. सकाळ-संध्याकाळ रानाची फेरी, मधल्या वेळात पाहुण्यांना मोर दाखवायचे. काठी आणि शिट्टी खात्याची. खाकी शर्ट मात्र त्यांनी स्वतः शिवून घेतला होता, कारण रोजंदारीच्या माणसाला खातं कपडे देत नसे. तो शर्ट ते आईलाही धुवू देत नसत. त्या पावसाळ्यात त्यांना कायम करणार, असं चौकीच्या साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. कायम म्हणजे महिन्याचा पगार, म्हातारपणाला आधार, आणि साहेबांपुढं उभं राहताना अंगावर खात्याचा कपडा. आईनं त्या शब्दाचा इतका धसका घेतला होता की ती तो उच्चारायचीच नाही. "त्यांचं ते काम झालं की," एवढंच म्हणायची.

मी तेव्हा बीडला कॉलेजात होते. सुट्टीत घरी आले होते, म्हणून आईबरोबर पाटोद्याला गेले.

महारुद्रआप्पांच्या दुकानासमोर बी घ्यायला झुंबड उडाली होती. बाप्यांच्या गर्दीत बाईमाणसाला कुणी पुढं सरकू देईना. आई पायरीखाली उन्हात उभी राहिली. मी घुसायला लागले तर तिनं दंड धरला. "थांब. त्यांचं होऊ दे." त्यांचं होता होता डोक्यावरचं ऊन कलंडलं. शेवटी आप्पांचंच लक्ष गेलं. कपाळावरचे भस्माचे पट्टे घामानं ओघळले होते.

"भिवराबाई, तुमी? तुमच्या घरी तर बी असतंय की."

"घुशीनं नेलं, आप्पा."

"घ्या! आता घुशीबी आमच्याच धंद्यात आल्या म्हना की," आप्पा म्हणाले. माणसं हसली. त्यांनी एक चकचकीत पिशवी पुढं सरकवली. वर भरल्या कणसाचं चित्र.

"दाणा बघू द्या."

"फोडली की घ्यावी लागंल."

"घ्यायचीच हाय."

आतला दाणा लालभडक होता, कुंकवात लोळवल्यासारखा. आईनं लावलेलं बोट मागं घेतलं.

"ह्ये काय हाय?"

"औषध चोळलेलं हाय. खोडमाशी लागत न्हाई. पेरून झालं की हात चांगले धुवा, अन् उरलं तर भाकरीला दळू नका. मागल्या साली एकानं दळलं, समदं घर ओकत बसलंतं."

"बिनऔषधाचं न्हाई का?"

"बिनऔषधाचं आता कुठलं, भिवराबाई. समदं असंच यायलंय."

एसटीत आईनं पिशवी मांडीवर घेतली नाही, पायांपाशी ठेवली. अर्ध्या वाटेत म्हणाली, "पशाचं कसं करावं गं?"

आमच्याकडं पेरणीच्या दिवशी पहिलं तास घालण्याआधी पाखरांना एक पसा टाकतात. तिफणीवर लाकडी पेल्यासारखं चाडं असतं, त्यातून बी नळ्यांत उतरतं. त्या भरल्या चाड्यातूनच दोन्ही हातांचा पसा काढायचा. घरातल्या खाण्याच्या दाण्याचा चालत नाही. भुईला जे घालायचं त्यातलंच आधी पाखराला दिलं, की ते उरलेलं उकरत नाही, अशी समजूत. गावात कुणी चिमूटभर टाकायचं, कुणी विसरून जायचं. आईचा पसा भरलेला असायचा. शेताच्या वरच्या कडेला एक सपाट खडक आहे, त्यावर ती तो पसरून ठेवायची. रानातले मोर त्या खडकावर उतरत.

"घरातली ज्वारी टाक की," मी म्हणाले.

"ती का पेरायचीय आपल्याला?"

ती खिडकीतून वखरलेली रानं बघत राहिली.

पेरणीला दादांनी सकाळची सुट्टी मागून घेतली. शर्ट खुंटीला लावून बंडी घातली. आईनं तिफणीला पाणी घातलं, बैलांच्या कपाळाला कुंकू लावलं. हाताला फडकं गुंडाळलं आणि जरा वेळानं सोडून टाकलं. फडक्यातून दाणा सारखा सुटत नाही. चाड्यावर मूठ धरणं हे तिचं काम होतं. तिची मूठ अशी एकसारखी सुटायची की उगवण झाल्यावर तासात विरळ-दाट कुठं दिसायचं नाही.

तिनं चाडं भरलं, त्यातून पसा काढला आणि विहिरीकडं गेली. पसा घमेल्यात टाकला, वर पाणी ओतलं आणि चोळून धुवू लागली. पाणी लाल झालं. ते फेकून दुसरं घेतलं, ते गुलाबी झालं. ती धूत राहिली. दाणे तळव्यात घेऊन अंगठ्यानं रगडायची, पुन्हा पाण्यात सोडायची. अखेर पाणी नितळ निघालं. तिचे हात मात्र मनगटापर्यंत तांबडे झाले होते.

दादा जुवाला टेकून उभे होते. "आगं, औषध हाय त्याला," ते म्हणाले.

"धुतलंय की. बघा पाणी."

दादांनी जाऊन घमेल्यात वाकून बघितलं. पाणी खरंच नितळ होतं, तळाचा पत्रा दिसत होता. परत येऊन त्यांनी कासरा हातात घेतला. आईनं दाणे पदरावर टिपले, खडकावर पसरले, हात जोडले आणि येऊन चाड्यावर मूठ धरली.

"चला."

दुपार कलायच्या आत पेरणी झाली. त्या दिवशी आईच्या बोटांना मुंग्या येत होत्या आणि जेवण गेलं नाही. "ऊन लागलं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादा फेरीवरून लवकर परत आले. शर्टाची वरची गुंडी उघडी होती. ओट्यावर बसले, पाणी मागितलं आणि तांब्या तसाच हातात धरून राहिले.

"वढ्यात दोन लांडोरी पडल्यात," म्हणाले. "एक तितरबी."

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "चोचीत बघितलं का?"

"लाळ हाय. तांबडी."

तव्यावरची भाकरी करपली तरी ती कुणी उलटली नाही.

"कुठं हायेत आता?"

"पुरल्या वाळूत. कुणापाशी बोलायचं न्हाई. वने, तूबी न्हाई."

आई उठून खडकावर गेली. मी मागं गेले. खडक साफ होता, एक दाणा शिल्लक नव्हता. तिनं तरी तो पदरानं पुसला, मग कळशीभर पाणी आणून धुतला, आणि ते पाणी कुठं वाहत जातंय ते बघत बसली.

एक मोर मात्र दादांना सापडला नव्हता. तो बंकटच्या गिऱ्हाइकांना सापडला. त्या सालातली पहिलीच जीप. पाटीपासून थोडं आत, करवंदीच्या जाळीत तो पिसारा पसरून पडला होता. बाया-माणसं उतरली, फोटो निघाले, मग कुणीतरी एक पीस उपटलं आणि बघता बघता सगळ्यांनी उपटली. जीप गेल्यावर बंकटनं चौकीवर जाऊन मोर मेल्याचं सांगितलं. पिसं कुणी नेली ते सांगितलं नाही. हे सगळं आम्हांला नंतर कळलं.

पिसारा नसलेला मोर बघितल्यावर साहेबांना शोधायचं असं काही उरलं नाही. गावाबाहेर पारध्यांची पालं होती. त्यातला सटवा आणि त्याची बायको छबुबाई आमच्याकडं खुरपायला, मोडणीला येत. सटवाच्या पालात तितराचं जाळं निघालं, जसं ते कुठल्याही पारध्याच्या पालात निघालं असतं. त्याला चौकीवर नेलं. न्यायला दादाच बरोबर होते. साहेब म्हणाले, "हरिबा, जाळं उचल," आणि दादांनी उचललं.

उन्हं उतरायच्या सुमाराला छबुबाई आमच्या दारात आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर बसली.

"भिवराबाय, तुझ्या मालकाला म्हन ना साहेबाला सांगाया. आमी तितर मारतो, लाव्हा मारतो, खोटं कावून बोलू? मोराला माझा माणूस हात लावत न्हाई."

"बस. च्या टाकते."

"च्या नगं. खांबाला बांधून घातलंय त्याला. पाणीबी देयनात."

आईनं दोन भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून तिच्या हातात दिली. छबुबाईनं ती घेतली आणि आईचे हात बघितले.

"मेंदी लावली का बाय?"

"न्हाई," आई म्हणाली. "बियाचं हाय ते."

दादा दिवेलागणीला आले. आई चुलीपुढं बसली होती. वर न बघताच म्हणाली, "सांगावं लागंल."

"काय सांगायचं?"

"झालं ते."

"अन् मग? राखणदाराच्या बायकुनं मोर मारले म्हनून कायम करतेत व्हय मला?" दादा हळूच बोलत होते. भिंतीपलीकडं बंकटचं घर. "दोन दिस ठिवतेत अन् सोडतेत त्याला. सवय हाय त्याला."

"कशाची?"

"चौकीची."

दादांनी शर्ट काढला आणि भिजवायला घमेलं ओढलं. तेच घमेलं. आईनं उठून ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि बादली पुढं सरकवली.

"ह्येच्यात आता काहीच धुवायचं न्हाई," ती म्हणाली.

सकाळी दादा चौकीवर गेल्यावर तिनं इळा घेतला. "वने, चल."

ओढ्यात कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दादांनी वाळूवर दगड रचले होते. आईनं ते एकेक करून बाजूला केले. लांडोर फुगली होती, पिसांत मुंग्या शिरल्या होत्या. वास आला तशी मी मागं सरले. आई कोंबडी साफ करायला बसावी तशी बसली. गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली आणि इळ्याच्या टोकानं चिरली. आत आमची ज्वारी होती, ओली, टम्म फुगलेली. वरचा रंग गेला होता, पण आत मुरलेलं तांबडं प्रत्येक दाण्यात दिसत होतं.

"पाणी तर नितळ व्हतं," आई म्हणाली. माझ्याशी बोलत नव्हती. तिनं दाणे फडक्यात घेऊन गाठ मारली, लांडोर पुन्हा पुरली आणि दगड होते तसे रचले.

चौकी म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. सटवा खांबाशी उकिडवा बसला होता, ओठ सुजलेला. छबुबाई पाटीपाशी. बंकट साहेबांसाठी किटली घेऊन आलेला. दादा दारात काठी घेऊन उभे होते. आम्हांला येताना बघून त्यांनी नजर रस्त्याकडं वळवली.

साहेबांपुढं जीपमधून आलेलं एक कुटुंब उभं होतं. "पण नाचतो नक्की किती वाजता?" त्यातले गृहस्थ विचारत होते. साहेबांनी आईला हातानंच थांब म्हटलं. आई पडवीखाली थांबली. मोराच्या नाचाचं सगळं बोलणं होईपर्यंत ती तिथं फडकं धरून उभी होती. मग साहेब म्हणाले, "काय बाई? हरिबाची ना तू? डबा आणलास त्याचा?"

"न्हाई साहेब. मोर सटवानं मारला न्हाई. माझ्या हातानं मेला."

बंकट चहा ओतायचा थांबला.

"तुझ्या हातानं? काय खाऊ घातलंस? भाकरी?"

पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. आईनं फडकं पायरीवर ठेवून गाठ सोडली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"पेरणीचा पसा टाकला पाखराला. औषधाचं बी व्हतं. धुऊन टाकलंतं मी."

"विषारी दाणे टाकलेस मोराला?"

"इष न्हाई साहेब. बी. पेरायचं."

"त्याला काय फरक पडतो, बाई?"

"न्हाई पडत," आई म्हणाली. "ते आता कळलं."

साहेबांनी रुमालाआडून दाण्यांकडं बघितलं. मग त्यांना आठवलं. "आणि पिसं? पिसं गेली कुठं? तीपण धुवायला नेलीस?"

आईला पिसांचं काहीच ठाऊक नव्हतं. मोर बंकटला सापडला एवढं तिनं ऐकलं होतं, म्हणून तिनं बंकटकडं बघितलं. बंकटनं किटली खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"पिसं जीपमधल्या पावण्यांनी उपटली, साहेब. पहिलीच गाडी व्हती सालाची. बाईमाणसं हौसंनं उपटायली, न्हाई कसं म्हनावं?"

"आणि हे तू आज सांगतोस?"

"तुमी इचारलंच न्हाई."

सटवानं पहिल्यांदा मान वर केली आणि बंकटकडं बघितलं. साहेबांनी पाहुण्यांना जीपमध्ये बसायला सांगितलं. ते दहा पावलं गेले आणि तिथून ऐकत उभे राहिले. साहेब दादांकडं वळले.

"हरिबा, तुला माहीत होतं हे?"

मी आईकडं बघितलं. तिनं दादांना अगदी हळू मान हलवून खूण केली: नाही म्हणा. तेवढं एक ती त्यांच्यासाठी करून ठेवत होती. नाही म्हटलं असतं तर साहेबांनाही बरंच वाटलं असतं. ते त्यांच्या विचारण्यातच होतं.

दादांनी काठी भिंतीला टेकवली.

"व्हतं, साहेब. ती धूत व्हती तवा मी तिथंच व्हतो. पाणी बघितलं मी. नितळ व्हतं."

साहेबांनी बराच वेळ रुमालाची घडी घातली. "आमच्याच माणसाच्या घरून झालं असं वर कळवलं, तर तू तर जाशीलच, मलाही उत्तरं द्यावी लागतील," ते म्हणाले. "आजारानं मेला म्हणतो. सटवाला सोडतो. तू उद्यापासून येऊ नकोस. एवढ्यावर भागलं समज."

दादांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली.

"शर्ट," साहेब म्हणाले. "खाकी घालून गावात फिरू नकोस."

"शर्ट माझा हाय साहेब. मी शिवलाय."

सटवाची दोरी सोडली, तर त्याचे पाय बधिर झाले होते; छबुबाईनं काखेत हात घालून त्याला उभं केलं. त्यानं जाळं मागितलं. ते मिळालं नाही. आमच्या पुढून जाताना तो आईशी बोलला नाही. छबुबाईनं कालचं भाकरीचं रिकामं फडकं मात्र आईच्या हातात दिलं.

घरी जाताना दादा पुढं, आई मागं, तिच्या मागं मी. दादा घराकडं न वळता शेताकडं वळले, तशा आम्हीही वळलो. बांधावर उभं राहून त्यांनी तासांकडं बघितलं. तिफणीच्या मागं झाकायचं राहून गेलेले लाल दाणे इथं-तिथं उघडे दिसत होते. आईनं वाकून वेचायला सुरुवात केली. दादाही वेचू लागले.

सगळं वेचून होणारं नव्हतं. मग कोंब वर येईपर्यंत दोघांनी शेत राखलं. आई पत्र्याचा डबा बडवायची, दादा ढेकळं फेकायचे. मोर रानातून सवयीनं खडकावर उतरायचे, मान वाकडी करून बघायचे, आणि आई डबा बडवत त्यांच्या अंगावर धावून जायची. धावता धावता तिचा पदर पडायचा, टाचांना धसकटं लागायची.

बंकट आला. मागं रस्त्यावर जीप थांबलेली. "वैनी, पावणे मोर बघाया पुण्याहून यायलेत अन् तुमी डबा बडवायलात. माझी भजी काय मीच खाऊ?"

"चार दिस कळ काढ. उगवून येऊ दे."

"हरिभाऊ, तुमी तरी सांगा की वैनीला."

दादांनी आईच्या हातातून डबा घेतला. बंकटला वाटलं काम झालं. दादा तो घेऊन शेताच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि स्वतः बडवू लागले. अंगात तोच खाकी शर्ट होता. जीपमधून एका बाईनं त्यांचा फोटो काढला. "गार्डच मोर हाकलतोय बघा," ती म्हणाली.

त्या साली ज्वारी चांगली आली. दादांना चौकीवरून पुन्हा बोलावणं आलं नाही. त्यांच्या जागी दुसऱ्या गावचा माणूस आला आणि पुढं तो कायम झाला. पाहुणे यायचे तसे येत राहिले. कधी एखादी जीप आमच्या बांधाशी थांबून "मोर कुठं दिसतील?" विचारायची, तेव्हा दादा वखर थांबवून नीट सांगायचे. पारध्यांची पालं दिवाळीनंतर हलली. छबुबाई पुढच्या पावसाळ्यात खुरपायला आली नाही. आईनं दोनदा तिची चौकशी केली.

आई माहेरी जाऊन जुन्या गावरान ज्वारीच्या जुड्या घेऊन आली. त्या पुन्हा आढ्याला टांगल्या गेल्या. शेत विकतच्याच बियानं पेरायचो, पण खडकाजवळची एक पट्टी तिनं त्या ज्वारीला राखली. पेरणीला आधी ते बी चाड्यात ओतायची, त्यातून पसा काढायची आणि धुवायला घेऊन जायची. त्या बियाला औषध नव्हतं. पाणी पहिल्यापासूनच नितळ असायचं, धुराचं काय काळं उतरेल तेवढं. तरी ती धुवायची, हातात घेऊन रगडायची, पुन्हा पाणी बदलायची. घमेलं दुसरं होतं. जुनं तिनं त्याच वर्षी विहिरीमागं खड्ड्यात घातलं होतं. तोवर दादा खडकाकडं पाठ करून, जुवावर हात ठेवून उभे राहायचे. तिनं "चला" म्हटलं की बैल हाकायचे. गेलेल्या कामाबद्दल ते तिला कधी बोलले नाहीत. तिनं त्यांची क्षमा मागितल्याचंही मी ऐकलं नाही. बैलांचं, विहिरीचं, माझ्या लग्नाचं बोलणं होत राहिलं.

या मृगाला मी बीडहून आले. शेत बंकटच्या पोरानं ट्रॅक्टरनं पेरून दिलं. खडकाजवळची पट्टी दादांनी मागं ठेवायला लावली होती. त्यांनी बंकटचे बैल मागून आणले आणि तिफण जोडली. आढ्यावरच्या शेवटच्या जुड्या मी बडवून, पाखडून आणल्या होत्या. चाड्यावर मूठ मी कधी धरलेली नव्हती. बी ओतलं आणि मूठ भरून उभी राहिले, दादा बैल हाकतील म्हणून.

ते हाकेनात. खडकाकडं पाठ करून, जुवावर हात ठेवून ते उभे होते. बैल शेपट्या उडवत होते. मला वाटलं, दम लागला असेल. मग कळलं.

मी चाड्यातून दोन्ही हातांनी पसा काढला आणि विहिरीवर गेले. घमेल्यात टाकून वर पाणी ओतलं, चोळलं. थोडं काळपट उतरलं. ते ओतून दुसरं घेतलं. ते नितळ होतं, तळ दिसत होता. मी दाणे पदरावर काढायला लागले.

दादांची पाठ तशीच माझ्याकडं होती.

"आनखी एक पाणी घाल," ते म्हणाले.